ठोका, शिसे आणि दुधाचे दात

पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलशेजारी ९५, ९९, १०० असे आकडे मिरवणारे महाग पेट्रोल आता ठिकठिकाणी मिळते. वेगवान गाड्यांच्या हौशी मंडळींसाठी ऑक्टेन वाढवणाऱ्या द्रवाच्या बाटल्याही दुकानांत दिसतात. वर्गात मोटारींचा विषय निघाला की कोणीतरी विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते का?"

याचे उत्तर 'नाही' असे आहे. ऑक्टेनचा आकडा वाढला म्हणून इंधनातली ऊर्जा वाढत नाही. काही वेळा ती थोडी कमीच होते. मग हा आकडा मोजतो तरी काय? तो इंधनाचा धीर मोजतो. दाब आणि उष्णता वाढत असताना, ठिणगीची ज्योत येऊन पोहोचेपर्यंत इंधन न पेटता किती वेळ तग धरते, याचे ते माप आहे. कमी धीराच्या इंधनाला जास्त धीर कसा द्यायचा, या प्रश्नामागे विसाव्या शतकातले काही अत्यंत हुशार लोक लागले. त्यांना उत्तर सापडले, ते जगभर वापरले गेले, आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. हा इतिहास शिक्षकांना सांगावासा वाटतो, कारण तो उलगडण्यात त्यांच्याच व्यवसायातील माणसांचा मोठा वाटा होता.

दाबाचा फायदा आणि दाबाची अडचण

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. वायू झपाट्याने दाबला की तापतो. पेट्रोल इंजिनाचे सुख आणि दुःख दोन्ही या एका वाक्यात सामावलेले आहे.

निकोलस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले. त्यात दट्ट्या प्रथम हवा आणि इंधनाचे मिश्रण आत ओढतो, मग ते दाबतो. त्यानंतर ठिणगीने मिश्रण पेटते आणि दट्ट्याला ढकलते. शेवटी जळके वायू बाहेर टाकले जातात. मिश्रण किती पट दाबले जाते, त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. आठ भागांचा एक भाग केला तर गुणोत्तर झाले ८.

आता एक छोटे गणित करू. आदर्श ऑटो इंजिनाची कार्यक्षमता काढायची असेल तर संपीडन गुणोत्तराचा ०.४ घात काढावा, एकला त्याने भागावे आणि आलेला भागाकार एकातून वजा करावा. गुणोत्तर ४ असेल तर कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के येते, ८ असेल तर सुमारे ५६ टक्के आणि १० असेल तर सुमारे ६० टक्के. प्रत्यक्ष इंजिनात घर्षण आणि उष्णतेची गळती असते, त्यामुळे खरे आकडे याच्या बरेच खाली राहतात. पण वाढीची दिशा तीच असते. म्हणजे तेवढेच इंधन जास्त दाबून जाळले तर काम जास्त मिळते. म्हणूनच शर्यतीच्या आणि जोरकस गाड्यांच्या इंजिनांत संपीडन गुणोत्तर चढे ठेवण्याची धडपड असते.

याच गणिताची दुसरी बाजू पाहा. २७ अंश सेल्सिअस तापमानाची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता चार पट दाबली तर ती सुमारे २५० अंशांपर्यंत तापते. दहा पट दाबली तर सुमारे ४८० अंशांपर्यंत. पेट्रोलचे मिश्रण इतके तापल्यावर ठिणगीची वाट पाहीलच असे नाही.

कोकणात राब भाजताना एका कडेला आग लावतात आणि ती शिस्तीने पलीकडच्या कडेला सरकत जाते. सिलिंडरमध्येही ठिणगीपासून निघालेली ज्योत अशीच मिश्रणातून पुढे सरकायला हवी. पण मागचे जळते वायू फुगून पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतात आणि आणखी तापवतात. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच तो कोपरा एकदम भडकला, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. बाहेर टणटण असा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. आपण त्याला ठोका म्हणू. ठोका सतत होत राहिला तर शक्ती वाया जाते, इंजिन तापते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते.

१९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचे संपीडन गुणोत्तर जेमतेम साडेचार होते. त्या काळच्या पेट्रोलला यापेक्षा जास्त दाब सोसत नव्हता. इंजिन सुधारायचे तर आधी इंधन सुधारायला हवे, अशी वेळ आली होती.

चुकीचा तर्क, योग्य प्रयोग

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी चार्ल्स केटरिंग यांची प्रयोगशाळा होती. बटण दाबून मोटार सुरू करण्याची विजेची सोय १९१२च्या कॅडिलॅक गाडीत आली, ती त्यांचीच करामत. त्यांच्याकडे १९१६ साली टॉमस मिजली नावाचे तरुण यंत्र अभियंता कामाला लागले. शेतघरांत विजेचे दिवे लावण्यासाठी केटरिंग यांनी जी छोटी जनित्रे बनवली होती, ती केरोसीनवर चालवली की जोराने ठोके देत. त्याचे कारण शोधण्याचे काम मिजली यांच्याकडे आले.

सिलिंडरमधील दाबाची नोंद घेऊन त्यांनी पहिली महत्त्वाची गोष्ट दाखवली. ठोका ठिणगीच्या आधी होत नाही. ठिणगी पडून गेल्यावर, ज्वलनाच्या शेवटी शेवटी होतो. पुढचा तर्क मात्र नवलाचा होता. एका रानवेलीची पाने लालसर असतात आणि ती बर्फ वितळण्याच्या सुमारास लवकर फुलते. लाल रंग उष्णता अधिक शोषत असेल, तर इंधनाला लाल रंग दिल्यास ते लवकर बाष्परूप होईल आणि ठोका थांबेल, असे केटरिंग आणि मिजली यांना वाटले. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग सापडेना, म्हणून त्यांनी आयोडीन घातले. ठोका थांबला!

इथे थांबून आनंद साजरा केला असता तर ती भोंदूगिरी झाली असती. मिजली यांनी पुढे इतर लाल रंग घालून पाहिले. काही उपयोग झाला नाही. मग आयोडीनचेच एक रंगहीन संयुग घातले. ठोका पुन्हा थांबला. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, परिणाम आयोडीनचा होता. तर्क साफ चुकला होता, पण त्याची परीक्षा घेणारा प्रयोग चोख होता. वैज्ञानिक पद्धती शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. त्यामुळे शोध चालू राहिला. ॲनिलीनने काम केले, पण त्याचा वास सहन होईना. सेलेनियम आणि टेल्यूरियमची संयुगे त्याहून प्रभावी ठरली, पण टेल्यूरियमचा लसणासारखा दर्प कपड्यांतून आणि अंगातून जाता जात नसे. शेवटी मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा आधार घेऊन, कोणत्या गटात परिणाम कसा वाढत जातो हे पाहत शोध पुढे नेला गेला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाच्या अणूला चार एथिल गट जोडलेला द्रव, इंजिनात घातला गेला. हजारात एक भागाहूनही कमी मात्रेत ठोका नाहीसा झाला.

हा द्रव नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कार्ल लोव्हिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो तयार केला होता आणि तो विषारी आहे हेही माहीत होते. इंजिनातील उष्णतेने त्याचे रेणू फुटतात आणि शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मिश्रणाला अवेळी पेटवणाऱ्या साखळी अभिक्रिया ज्या मुक्त मूलकांमुळे चालतात, ती मूलके हे कण टिपून घेतात. साखळी तुटते आणि इंधनाचा धीर टिकतो. सारे काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते.

मग त्या शिशाचे पुढे काय होते? आठवी-नववीच्या वर्गात आपण द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतो. कार्बन आणि हायड्रोजन जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात. शिशाचा अणू मात्र कितीही जाळला तरी शिशाचाच राहतो. तो सिलिंडरमध्ये साठून झडपा खराब करू लागला, तेव्हा संशोधकांनी त्याला बाहेर काढण्यासाठी पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग घालण्याची युक्ती काढली. शिशाचे वायुरूप ब्रोमाइड होऊन ते धुराबरोबर निघून जाऊ लागले. इंजिनाचा प्रश्न सुटला. त्यासाठी लागणारे ब्रोमीन समुद्राच्या पाण्यातून काढण्याचा कारखानाही १९३४ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उभा राहिला. इंजिनातून निघालेले शिसे जाते कुठे, हा प्रश्न मात्र रस्त्यावरच राहिला.

दुसरा मार्ग होता

त्या काळी शिशाला पर्यायच नव्हता असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. मद्यार्क आणि बेंझॉल पेट्रोलमध्ये मिसळले की ठोका कमी होतो, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो हेही याच प्रश्नावर काम करत होते आणि संपीडन गुणोत्तर हवे तसे बदलता येणारे प्रायोगिक इंजिन त्यांनी बनवले होते. खुद्द मिजली यांनी १९२१ साली ३० टक्के मद्यार्क मिसळलेल्या इंधनावरची, चढ्या संपीडनाची गाडी अभियंत्यांच्या सभेला नेली होती.

पण मद्यार्क दहा-वीस टक्के मिसळावा लागतो आणि तो कोणीही गाळू शकतो. शिशाचे द्रव्य चिमूटभर पुरते आणि त्याच्या वापराचे एकस्व घेता येते. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची पहिली विक्री झाली. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक याच पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्यांनी पटकावले. १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून 'एथिल' कंपनी काढली. नावात 'लेड' हा शब्द नव्हता.

'ऑक्टेन' हे माप याच कंपनीतील ग्रॅहॅम एडगर यांनी १९२६-२७च्या सुमारास रूढ केले. आयसो-ऑक्टेन हे धीराचे इंधन, त्याला १०० गुण. सामान्य हेप्टेन हे अधीर इंधन, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९० टक्के आयसो-ऑक्टेन आणि १० टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच दाब सोसत असेल, तर त्याचा ऑक्टेन अंक ९०. शुद्ध हेप्टेन मिळवण्यासाठी तेव्हा कॅलिफोर्नियाकडच्या एका जातीच्या पाइन वृक्षाचा डिंक वापरत. आजही ही चाचणी संपीडन बदलता येणाऱ्या एक सिलिंडरच्या इंजिनावरच होते.

पुरावा कोणी द्यायचा?

१९२३च्या सुरुवातीला मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले आणि विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे टेट्राएथिल लेड बनवणाऱ्या विभागातील कामगारांना भास होऊ लागले, झटके येऊ लागले. पाच जण दगावले आणि तीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. डेटन आणि डीपवॉटर येथेही कामगारांचे मृत्यू झाले होते. ३० ऑक्टोबरला वार्ताहरांसमोर मिजली यांनी त्या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि मिनिटभर त्याचा वास घेतला. असे केल्याने काही होत नाही, हे त्यांना पटवून द्यायचे होते. स्वतःचा आजार त्यांना माहीत होता.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी आरोग्य खात्याने परिषद बोलावली आणि तेवढ्या काळापुरती विक्री थांबली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट इशारा दिला. हा प्रश्न कारखान्यातील अपघातापुरता नाही; रस्त्यावरचे शिसे हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता माणसांच्या अंगात साठेल, असे त्यांचे म्हणणे होते. उद्योगाचे म्हणणे असे की, धोका असल्याचा पुरावा आधी द्या, मगच बंदीची भाषा करा. नेमलेल्या समितीने काही महिन्यांत २५२ माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाही असा निर्वाळा दिला. वापर वाढेल तेव्हा पुन्हा अभ्यास करावा, असेही समितीने बजावले होते. तो पुढचा अभ्यास प्रामुख्याने उद्योगाच्याच पैशावर झाला.

तो करणारे डॉ. रॉबर्ट केहो चाळीस वर्षे सांगत राहिले की, माणसाच्या शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे. मोटारींपासून दूर असलेल्या मेक्सिकोतील खेडुतांच्या शरीरातही त्यांना शिसे आढळले होते. पण ते खेडूत शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत जेवत होते. तुलनेसाठी घेतलेला गटच स्वच्छ नसेल तर प्रयोगाचा निष्कर्ष काय कामाचा? नियंत्रित प्रयोग शिकवताना सांगावे असे हे दुसरे उदाहरण.

दरम्यान शिशाची भरभराट होत राहिली. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले. त्यामुळे त्यांच्या मर्लिन इंजिनांना अधिक दाबाची हवा पुरवून अधिक शक्ती काढता आली. त्या यशात टेट्राएथिल लेडचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. युद्धानंतर केटरिंग यांनी चढ्या संपीडनाच्या इंजिनांचा पुरस्कार केला. १९४९च्या ओल्ड्समोबिल 'रॉकेट' इंजिनाचे गुणोत्तर सव्वासात होते. १९६०च्या दशकाअखेर अमेरिकेतील जोरकस गाड्या दहा-अकरापर्यंत पोहोचल्या. अकराच्या गुणोत्तराचे इंजिन पोसायचे तर पेट्रोलही तसेच हवे, आणि ते स्वस्तात करण्याचा मार्ग म्हणजे शिसे.

दगडाचे वय आणि दुधाचे दात

शिशाचा पहिला खरा हिशेब लागला तो वेगळ्याच कामातून. अमेरिकेतील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय काढत होते. युरेनियमचे क्षय होत होत शिसे बनते. त्या शिशाच्या समस्थानिकांवरून खडकाचे आणि अशनीचे वय काढता येते. पण पॅटरसन यांच्या प्रत्येक नमुन्यात भलतेच शिसे येई. ते हवेतून, धुळीतून, काचेच्या भांड्यांतून, माणसाच्या केसांतून येत होते. त्यांनी अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. हा आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो.

आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना नमुन्यातील भेसळ म्हणजे कटकट वाटते. पॅटरसन यांनी त्या कटकटीलाच प्रश्न विचारला: हे शिसे येते कुठून? १९६५ साली त्यांनी मांडले की, सर्वसामान्य अमेरिकन माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट आहे. सगळ्यांत आढळते म्हणून एखादी गोष्ट नैसर्गिक ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर तपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवले की, प्राचीन काळाच्या मानाने बर्फातील शिसे दोनशे पटींहून अधिक वाढले आहे आणि सर्वांत तीव्र चढ १९४० नंतरचा आहे. या कामापायी त्यांना मिळणारे काही अनुदान बंद झाले.

आता उरला होता सर्वांत कठीण प्रश्न. एवढ्याशा शिशाने खरोखर काही बिघडते का? मूल चालते, बोलते, शाळेत जाते. विषबाधेचे कोणतेच लक्षण त्याच्यात दिसत नाही. रक्त तपासावे तर ते फक्त अलीकडच्या काही आठवड्यांची हकीकत सांगते. बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांना एक सुंदर युक्ती सुचली. शिसे हाडांत आणि दातांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते. दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी आपोआप पडतात. म्हणजे प्रत्येक मूल आपल्या शरीरातील शिशाची अनेक वर्षांची नोंदवही न मागता हाती देते. फक्त ती कोणीतरी गोळा करायला हवी.

ते काम शिक्षकांनी केले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांत पहिली-दुसरीच्या वर्गांतून मुलांचे पडलेले दात जमा झाले. दोन हजारांहून अधिक मुलांबद्दल त्यांच्या शिक्षकांनी साध्या प्रश्नांची उत्तरे लिहून दिली. मूल हातातले काम पूर्ण करते का? चटकन विचलित होते का? एकापाठोपाठ दिलेल्या सूचना पाळता येतात का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना माहीत नव्हते. त्यामुळे त्यांच्या उत्तरांवर त्याची छाया पडण्याचा प्रश्न नव्हता. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांतील शिशाच्या प्रमाणानुसार मुलांचे गट पाडले, तर जसजसे शिसे वाढत गेले तसतसे 'विचलित होते', 'काम अर्धवट टाकते', 'सूचना पाळत नाही' या शेऱ्यांचे प्रमाणही वाढत गेले होते. निवडक मुलांच्या बुद्ध्यंक चाचणीत अधिक शिसे असलेला गट सरासरी काही गुणांनी मागे होता.

वर्गातील शिक्षकाला हे वाचताना काहीतरी टोचल्याशिवाय राहणार नाही. 'लक्ष नाही', 'धरसोड करतो' असे शेरे आपण प्रगतिपुस्तकात सहज लिहितो. त्यांतील काही शेऱ्यांचे मूळ त्या मुलाच्या स्वभावात नव्हते. शाळेसमोरच्या रस्त्यावर होते.

नीडलमन यांच्यावर पुढे गैरप्रकाराचे आरोप झाले, त्यांची जाहीर चौकशी झाली. त्यात वैज्ञानिक गैरप्रकार सिद्ध झाला नाही. इतरांच्या अभ्यासांनी त्यांच्या निष्कर्षाला दुजोराच दिला. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शिसे गेले, पुढे काय?

गंमत अशी की, पेट्रोलमधून शिसे जायला सुरुवात झाली ती मुलांमुळे नव्हे, तर प्लॅटिनममुळे. धुरातील इतर विषारी वायू कमी करण्यासाठी अमेरिकेत १९७५च्या गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक बसवले गेले. त्यातील प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होते. त्याची तयारी म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या गाड्यांचे संपीडन गुणोत्तर आधीच उतरवले होते. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत शिशाचा शोध लागला, तिनेच हे पाऊल उचलले. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी घटले, आणि ही घट पेट्रोलमधील शिशाच्या घटीशी पावलागणिक जुळत होती.

भारतात १९९४ साली चार महानगरांत कमी शिशाचे, म्हणजे लिटरला ०.१५ ग्रॅमपर्यंत शिसे असलेले पेट्रोल आले. १९९५ पासून उत्प्रेरक परिवर्तकाच्या नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. मुंबईत १९९७च्या पाहणीत सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. पेट्रोलमधील शिसे बंद झाल्यानंतरच्या एका पाहणीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के निघाले. घट मोठी आहे, पण उरलेला आकडाही लहान नाही. रंग, जुन्या बॅटऱ्या, भांडी असे शिशाचे इतर मार्ग शिल्लक आहेत. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र शिसे अद्याप आहे.

शिशाविना इंधनाला धीर कसा आला? एक म्हणजे तेलशुद्धीकरणातच रेणूंची रचना बदलून, सरळ साखळ्यांच्या फांद्या आणि कडी करून. दुसरे म्हणजे इतर द्रव्ये मिसळून. त्यांपैकी बेंझीन कर्करोगकारक असल्याने त्यावर मर्यादा घालावी लागली. एमटीबीई नावाचा ईथर अमेरिकेत भूजलात उतरला आणि अनेक राज्यांनी तो बंद केला. बाजारातील ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांत बहुधा टोल्यूईनसारखी द्रव्ये किंवा मँगॅनीज अथवा लोखंडाची संयुगे असतात. मँगॅनीज आणि लोखंड हीसुद्धा मूलद्रव्येच, तीही जळून नाहीशी होत नाहीत. स्पार्क प्लगवर त्यांचा तांबूस थर बसतो. शिवाय बाटलीवर लिहिलेला एक 'पॉइंट' अनेकदा ऑक्टेन अंकाचा दहावा भाग असतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्या इंजिनाची रचनाच चढ्या संपीडनासाठी किंवा टर्बोसाठी केलेली आहे, त्याला जास्त ऑक्टेनचा उपयोग होतो. साध्या इंजिनाला त्यातून विशेष काही मिळत नाही.

आणि जो मद्यार्क १९२१ साली मागे पडला, तो परत आला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे भारतातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांपैकी दोन आपल्या मिरज आणि मनमाड येथे. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभरावर आहे. पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. तो जळून जातो, मागे धातू ठेवत नाही. त्याचा हिशेब उसाच्या पाण्यात आणि धान्यात मांडावा लागतो, आणि तोही आताच मांडायला हवा.

वर्गात करण्यासारखे एक शेवटचे गणित देतो. समजा, एका लिटर पेट्रोलमध्ये अर्धा ग्रॅम शिसे आहे आणि एक मोटार वर्षाला हजार लिटर पेट्रोल जाळते. वर्षाला पाचशे ग्रॅम शिसे झाले. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लिटर रक्त असते. त्यात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम शिसे म्हणजे एकूण १०० मायक्रोग्रॅम. तर एका मोटारीचे एका वर्षाचे शिसे अशा किती मुलांच्या रक्ताला पुरेल? उत्तर पन्नास लाख येते. अर्थात सगळे शिसे मुलांपर्यंत पोहोचत नाही. पण कोणताही नवा पदार्थ इंधनात, खतात किंवा रंगात घालण्याआधी, काम झाल्यावर तो जातो कुठे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायची असेल, तर फळ्यावर हे एक उत्तर लिहिलेले पुरे.